पुण्याची बाटली, सांगलीचं ऊन

एप्रिलमध्ये सांगली-मिरज रस्त्यावर दुपारचा पारा चाळिशीला टेकतो. रस्त्याकडेच्या बिअर शॉपीत काचेमागं बाटल्यांची रांग उभी असते. काही तपकिरी, काही हिरव्या, एखाद-दुसरी पांढऱ्या काचेची. गिऱ्हाईक विचारतं ते एवढंच, ‘थंड आहे का?’ वास्तविक त्याआधी विचारण्यासारखे दोन प्रश्न आहेत. ही बाटली भरली कधी, आणि इथं येईपर्यंत ती कुठं उभी होती?

लहान कारखान्यात, थोड्या प्रमाणात, दर्जेदार धान्य वापरून केलेल्या बिअरला हल्ली सगळे क्राफ्ट बिअर म्हणतात. अशी बाटली हातात आली तर हे दोन प्रश्न फारच महत्त्वाचे ठरतात. रम किंवा व्हिस्की वर्षभर कपाटात राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. बिअरचं तसं नाही. तिच्यात अल्कोहोल कमी आहे आणि तिचा सुगंध नाजूक आहे. तिला दुधासारखं जपावं लागतं.

पहिला शत्रू उजेड. बिअरचा कडवटपणा येतो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांपासून. फुलं उकळताना त्यांच्यातल्या आम्लांचं रूप बदलतं आणि कडू द्रव्यं तयार होतात. त्यांच्यावर निळा आणि अतिनील प्रकाश पडला, की बिअरमध्येच असलेलं रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व त्या प्रकाशाची ऊर्जा शोषून घेतं आणि कडू द्रव्यांची मोडतोड सुरू होते. त्यातून गंधकाचं एक संयुग जन्माला येतं. त्याचा वास इतका उग्र, की एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. थेट उन्हात हे घडायला काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी थोडाच, पांढरी जवळजवळ नाहीच. म्हणूनच काळजी घेणारा कारखानदार तपकिरी बाटली किंवा सरळ कॅन निवडतो. पांढऱ्या बाटलीतून बिअर विकणाऱ्या काही मोठ्या कंपन्या प्रकाशात न बिघडणारा, प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क वापरतात. लहान कारखाना बहुधा साधे हॉप्स वापरतो, त्यामुळं त्याची बाटली उजेडापुढं जास्त हळवी असते.

दुसरा शत्रू उष्णता, आणि तो जास्त लबाड, कारण त्याची खूण बाहेरून दिसत नाही. बाटली भरताना आत थोडा प्राणवायू राहतोच. त्याच्यामुळं आणि धान्यातून आलेल्या द्रव्यांमुळं बिअर हळूहळू शिळी होते. आधी हॉप्सचा ताजा वास जातो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, शेवटी एक चिकट गोडसर छटा उरते. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं तर अशा प्रक्रियांचा वेग दोन ते तीन पट होतो. ४ अंशांच्या फ्रीजमधून बाटली ३४ अंशांच्या गोदामात गेली, तर तिचं वय आठ ते सत्तावीस पट वेगानं वाढू लागतं. पुण्याहून निघालेला माल खंबाटकी उतरून साताऱ्याला पोचतो, तिथून कराडमार्गे सांगलीला. अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हणजे एका दिवसाचंही नाही. रस्त्यात फारसं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते पत्र्याच्या गोदामात काढलेल्या महिन्याभरात.

मोठे कारखाने यावर पाश्चरीकरणाचा उपाय करतात. बंद बाटल्या साधारण ६० अंशांच्या पाण्याच्या फवाऱ्याखालून काही मिनिटं नेल्या, की त्यांतले जंतू मरतात. लुई पाश्चरनं १८७६ साली बिअरवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता आणि बिअर नासते ती सूक्ष्मजीवांमुळं, हे त्यात दाखवून दिलं होतं. पण पाश्चरीकरण जंतू मारतं, शिळेपणा थांबवत नाही. अनेक लहान कारखाने ते टाळतात, चव जाईल या भीतीनं. काही जण तर बाटलीत मोजून साखर आणि जिवंत यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, जाता जाता उरलेला प्राणवायूही बराचसा संपवतं आणि मग तळाशी बसतं. ग्राहकाला तो गाळ दिसतो आणि बिअर खराब आहे असं वाटतं. उलट तो गाळ हेच तिच्या जिवंतपणाचं लक्षण असतं.

म्हणून अशी बाटली आडवी ठेवू नये, उभीच ठेवावी. गाळ तळाशी एका जागी बसतो आणि झाकणाशी बिअरचा संबंध येत नाही. लेबलवरची भरल्याची तारीख वाचावी. तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम, आणि हॉप्सचा दरवळ हेच वैशिष्ट्य असलेली इंडिया पेल एल (आयपीए) असेल तर जितकी ताजी तितकी बरी. ग्लास साबणाचा अंशही न राहता धुतलेला हवा. तेल आणि साबण दोन्ही फेसाचे वैरी आहेत. धान्यातली प्रथिनं आणि हॉप्समधली कडू द्रव्यं मिळून तो फेस उभा राहतो आणि सुगंध त्याच्यातूनच वर येतो. थेट बाटलीतून पिणाऱ्याच्या नाकापर्यंत यातलं काही पोचत नाही, पैसे मात्र सगळ्याचे पडलेले असतात. आणखी एक. आपल्याकडं बिअर बर्फगार हवी असते. जीभ बधिर झाली की चव कळत नाही. लागर प्रकारची बिअर ५ ते ७ अंशांवर, एल प्रकारची ८ ते १२ अंशांवर खुलते. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं थांबलं, तर उन्हाळ्यात तेवढं पुरेसं होतं.

गव्हाच्या बिअरपासून सुरुवात करणं सोपं. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तिच्यात केळं नसतं आणि लवंगही नसते. पिकलेल्या केळ्यात जे एस्टर असतं तेच एस्टर या बिअरचं खास यीस्ट आंबवताना तयार करतं आणि लवंगेसारखा वास देणारं फिनॉलही तेच सोडतं. बेल्जियमची पद्धत वेगळी. तिथं खरोखर धणे आणि संत्र्याची साल उकळीत टाकतात. मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या नाकाला हे वास परके नाहीत. इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्यावरचा अख्खा मसूर आणि गव्हाची बिअर यांचं चांगलं जमतं. लसणाचं भडंग असेल तर साधी, स्वच्छ लागर घ्यावी. पण मटणाचा झणझणीत रस्सा किंवा हिरव्या मिरचीचा खर्डा समोर असताना कडवट आयपीए घेऊ नये. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळं बिअर ते धुऊन काढू शकत नाही. कडवटपणा आणि बुडबुडे दोन्ही मिळून जिभेची आग वाढवतात. तिथं भाजलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, किंचित गोडसर, तांबूस किंवा गडद बिअर बरी.

प्रमाणाचा हिशेब सरळ मांडायला हवा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर साधी आणि ५ ते ८ टक्के असलेली स्ट्राँग. ३३० मिलिलिटरच्या, ५ टक्क्यांच्या लहान बाटलीत सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असतं. शॉपीत सर्रास खपणाऱ्या ६५० मिलिलिटरच्या, ८ टक्क्यांच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे तिप्पट. ‘एकच बाटली’ या दोन शब्दांत एवढं अंतर आहे. अल्कोहोलची कुठलीच मात्रा आरोग्याला निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण चालवायची असेल तर बाटली उघडूच नये, हेच शहाणपण. आणि हा मुलूख दारूकडं हलकेपणानं पाहणारा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र साताऱ्यातलंच. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दारूचं दुकान बंद होतं, हा महाराष्ट्रातला नियम इथल्या बायांना चांगला ठाऊक आहे. चवीनं, थोडी आणि ताजी बिअर पिण्याची गोष्ट या पार्श्वभूमीवरच करायची असते. तिला बाजूला सारून नव्हे.

आता प्रश्न प्रादेशिकतेचा. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, पुण्यात २००९ साली सुरू झाली. २०१४ मध्ये पुण्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आणि मुंबईत लोअर परळला व्हाइट आउल आली. मायक्रोब्रुअरीतली बिअर तिथल्या टाक्यांतून निघून तिथल्याच टेबलावर जाते. पुण्या-मुंबईच्या बाहेरच्या माणसाच्या वाट्याला ती येत नव्हती. बाटलीमुळं हे बदललं. व्हाइट आउलनं पुढं ‘स्पार्क’ आणि ‘डायब्लो’ या नावांनी आपल्या बिअर बाटल्यांत भरल्या. गोव्यात गोवा ब्रुइंग कंपनीनं हणजुण्याच्या हिप्पी काळातल्या एका प्रसिद्ध माणसाच्या नावानं ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए काढली. यांच्या लेबलांवर समुद्र, शहर, स्थानिक माणसं दिसतात. पण आतलं काय स्थानिक?

उत्तर थोडं निराश करणारं आहे. बिअरचं मुख्य धान्य जव म्हणजे सातू, आणि तो पिकतो मुख्यत्वे राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणात. हॉप्सला लांब दिवसांचा उन्हाळा आणि कडक थंडी लागते. भारतात ते हिमाचलच्या लाहौलमध्ये थोडेफार होतात, बाकी जर्मनी-अमेरिकेतून येतात. यीस्टही बहुधा परदेशी पाकिटातलं. मग दख्खनचं म्हणावं असं उरतं एकच, पाणी. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त तेच असतं.

आणि पाण्यानंच जगातल्या बिअर घडवल्या आहेत. चेक प्रांतातल्या प्लझेनचं पाणी अत्यंत मृदू, म्हणून तिथं १८४२ साली फिकट सोनेरी पिल्सनर जन्मली. इंग्लंडातल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यानं हॉप्सचा कडवटपणा धारदार झाला आणि हिंदुस्थानात पाठवल्या जाणाऱ्या पेल एलचं ते माहेर बनलं. म्युनिच आणि डब्लिनचं पाणी बायकार्बोनेटयुक्त, जड. तिथं गडद बिअर रुजल्या, कारण भाजलेल्या माल्टची आम्लता त्या पाण्याचा अल्कधर्मीपणा खाऊन टाकते. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या बोअरचं पाणी ज्यांनी तापवलंय त्यांना पातेल्याच्या तळाचा पांढरा थर माहीत आहे. बेसॉल्टमधून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ते डब्लिनच्या बाजूचं पाणी आहे. आजचे कारखाने आरओ लावून सगळं गाळून टाकतात आणि मग हवे ते क्षार मोजून घालतात, त्यामुळं पाण्याची ओळखही पुसली जाते. दुष्काळी तालुक्यांच्या पाण्याशी जुळवून घेणारी एखादी गडद बिअर कुणी मनापासून केली, तर ती खऱ्या अर्थानं इथली ठरेल.

पाण्याचा विषय निघाला की इथल्या माणसाला २०१६ आठवतंच. त्या एप्रिलमध्ये मिरज स्थानकातून पाच लाख लिटर पाणी भरून रेल्वे लातूरला गेली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य आणि बिअर कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितलं. वाळूजचा औद्योगिक पट्टा हे राज्यातल्या मोठ्या बिअर कारखान्यांचं मुख्य ठाणं. एक लिटर बिअरमागं चांगला मोठा कारखाना चार लिटरच्या आसपास पाणी वापरतो. लहान कारखान्याचं प्रमाण याहून बरंच जास्त असतं, कारण धुलाई तेवढीच आणि माल कमी. ज्या वर्षी साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू हे गाव श्रमदानानं पाणी अडवून पहिल्या वॉटर कप स्पर्धेचं विजेतं झालं, ते २०१६ हेच वर्ष. अशा भागात बिअरचा कारखाना काढायचा, तर ‘पाणी किती आणि परत किती वापरलं’ हा आकडा लेबलवर छापायची तयारी हवी.

बाटलीवर मुलखाचं नाव कोरण्याचा एक मोठा प्रयत्न सांगली जिल्ह्यात झालाही आहे, पण वाइनच्या बाबतीत. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, आणि नाशिककडं विंचूर व सांगलीकडं पलूस इथं वाइन पार्क उभे राहिले. नाशिकचं नाव झालं. पलूसला तशी झळाळी आली नाही. २००८ नंतरच्या मंदीत राज्यातली वाइन तुंबली आणि कारखान्यांनी द्राक्षं उचलणं कमी केलं. वाइनची द्राक्षं लहान, बियांची, जाड सालीची. ती टोपलीत घालून बाजारात विकता येत नाहीत आणि तासगावच्या सौद्यात बेदाणा म्हणूनही चालत नाहीत. शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं, म्हणून अनेकांनी त्या बागा मोडल्या किंवा त्यांवर खाण्याच्या द्राक्षांची कलमं केली. एकाच कामाला येणारं पीक एकाच कारखान्याच्या भरवशावर लावणं किती महागात पडतं, हे तेव्हा दिसलं.

साताऱ्याच्या बाजूला मध आहे. महाबळेश्वरच्या जंगलात सातेरी माशीच्या पेट्या पिढ्यान् पिढ्या ठेवल्या जातात आणि तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. मध पाण्यात कालवून आंबवला की मीड होतं, बिअरहून जुनं मानलं जाणारं पेय. पुण्याच्या मूनशाइन मीडरीनं ते लहान बाटल्यांत भरून बाजारात आणलं. नाशिकच्या एका मीडरीनं तर आपलं नावच सेराना ठेवलं. एपिस सेराना हे सातेरी माशीचं शास्त्रीय नाव. जांभळाच्या मोहराचा, कारवीचा मध वेगवेगळ्या चवीचा असतो. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळं तिच्या मधाचं मीडही तितक्याच वर्षांनी करता येईल. वर्ष छापून विकावी अशी बाटली असेल ती.

पण सगळ्यात जास्त आशा ज्वारीकडून आहे. जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव हा शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा मुलूख. थंडीच्या दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर येणारी मालदांडी हे तिथलं जुनं, भरवशाचं वाण. ज्वारी आंबवायची सवयही घरचीच. यल्लमाच्या जत्रेतली आंबील ही लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंनी आंबवलेलीच असते, आणि जर्मनीतली बर्लिनर वाइसं किंवा गोजं या आंबट बिअरमध्ये हेच जिवाणू काम करतात. ज्वारीची बिअर ही कल्पना नवीही नाही. दक्षिण आफ्रिकेत उमकोम्बोथी घरोघरी होते. नायजेरियानं १९८८ मध्ये सातूच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांना ज्वारी आणि मक्याकडं वळावं लागलं, आणि ते वळले.

अडचणी खऱ्या आहेत. सातूचा स्टार्च ६० ते ६५ अंशांना फुलतो, ज्वारीचा ६८ ते ७८ अंशांना. पण स्टार्चची साखर करणारं एक मुख्य विकर साधारण त्याच तापमानाला मरतं, आणि ज्वारीत ते मुळातच कमी असतं. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवून, निववून, मग तिच्यात सातूचा माल्ट मिसळावा लागतो. सातूच्या दाण्याला साल असते, तीच गाळणीचं काम करते. ज्वारीला ती नाही, त्यामुळं भांड्यात चिखल होतो. भाताचं तूस घातलं की सुटका होते. तिसरी गोष्ट जतच्या कुठल्याही गुराख्याला सांगावी लागत नाही. कोवळी, खुरटी ज्वारी जनावरांना चारायची नसते, कारण तिच्यात सायनाइड तयार होतं. मोड आलेल्या दाण्याच्या कोंबा-मुळ्यांतही तेच असतं. माल्ट वाळवून, भाजून, घासून ते कोंब पूर्ण काढून टाकावे लागतात. हे सगळं जमण्यासारखं आहे. त्यासाठी लागतो एक लहानसा माल्ट करणारा कारखाना, जो शेतकऱ्याकडून ज्वारी घेईल आणि ब्रुअरला माल्ट देईल.

द्राक्षापेक्षा ज्वारीचं एक बरं आहे. ब्रुअरनं ती उचलली नाही तर तिची भाकरी होते, कडबा जनावरं खातात, आणि उरलेला माल आठवडी बाजारात विकता येतो. ब्रुअरनं ती घेतली, तर शंभर लिटर बिअरमागं सुमारे वीस किलो ओला चोथा निघतो. प्रथिनांनी भरलेला, पण एक-दोन दिवसांत आंबणारा. भिलवडी-पलूस पट्ट्यात गोठ्यांची कमी नाही, तेव्हा तो त्याच दिवशी संपू शकतो. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळं सातूचा माल्ट न मिसळता नुसत्या ज्वारीची बिअर जमवली, तर तिला गहू-सातू न चालणारं गिऱ्हाईकही मिळू शकतं. हॉप्स लाहौलचे, मध महाबळेश्वरचा, शाळू जतचा आणि तपकिरी बाटलीवर भरल्याची तारीख ठळक छापलेली, एवढी एक बिअर बनवायला कुठलंच नवं तंत्रज्ञान शोधावं लागणार नाही.